खुंट चिरायू होवो

अभयारण्यातल्या घाणेरी हटाव मोहिमेचं यंदाही थाटात उद्घाटन झालं. कोऱ्या कोयत्याला लाल फीत, साहेबांच्या हातात पांढरे हातमोजे, मागे बॅनर आणि बॅनरवर वाघ. साहेबांनी गुडघ्याच्या उंचीवर सपकन फांदी छाटली. त्याखाली वाकलं की इस्त्री मोडते.

राहिला तो गुडघाभर खुंट. वाचकहो, या खुंटाला हसू नका. पावसाचे चार थेंब पडले की त्याला चारही बाजूंनी धुमारे फुटतात आणि एका झुडपाचं दाट जाळं होतं. मुद्दल शाबूत आणि व्याज वर, अशी ठेव कुठल्या पतपेढीत आहे? पुढल्या साली पुन्हा निविदा, पुन्हा तोच कंत्राटदार, पुन्हा तेच हेक्टर. कागदावर बेरीज चालूच असते, त्यामुळे काही वर्षांनी अख्ख्या अभयारण्यापेक्षा ‘साफ केलेलं क्षेत्र’ मोठं भरतं! माझं तर म्हणणं आहे, खुंटाला सरळ कायम सेवेत घ्या. त्याला क्रमांक द्या, गेरूचा पट्टा मारा, वार्षिक वेतनवाढ द्या. कंत्राटदारानं दसऱ्याला त्याच्यापुढे नारळ फोडावा. पोराचं इंजिनिअरिंग त्याच्याच जिवावर झालं ना?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोऱ्या साहेबानं घाणेरीचं हे अमेरिकेतलं झुडूप कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी लावलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून जास्त क्षेत्रात ते शिरलंय. खाली गवत उगवत नाही, चितळ त्याच्या पानाला तोंड लावत नाही, बुलबुल काळी फळं खाऊन बी पसरवतात. हे सगळं मोहिमेच्या पुस्तिकेत गुळगुळीत कागदावर छापलंय. पण कोयता जमिनीच्या वरच चालतो!

आणि उपाय काय चंद्रावरून आणायचाय? जमिनीच्या जरा खाली, धुमारे फुटतात त्या गाठीखाली, मुख्य मूळ तोडायचं. झुडूप उपटून मुळं वर करून उलटं ठेवायचं, म्हणजे पुन्हा रुजत नाही. मग दोन-तीन पावसाळे रोपटी उपटायची आणि मारवेल, पवन्या असलं स्थानिक गवत लावायचं. कुदळ मारणाऱ्या गड्याला हे कळतं, पण त्याला मजुरी हेक्टरावर. मुळाशी खणत बसला तर रात्री चूल पेटत नाही. त्यानं काय म्हणून खणावं? लाज त्याला नाही, हेक्टर मोजणाऱ्यांना वाटली पाहिजे.

तेव्हा साहेब, पुढच्या खेपेला फीत कुदळीला बांधा, मजुरी मुळावर मोजा आणि बिल तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच जागी उभं राहून मंजूर करा.