पाऊस चुकला

हवामान खात्याची टिंगल करायला महाराष्ट्रात कुठलीही पात्रता लागत नाही. ज्याला स्वतःच्या घराचं वीजबिल किती येईल हे कधी आधी सांगता आलेलं नाही, तोही ‘खात्याने मुसळधार म्हटलंय ना, मग घाला कपडे गच्चीत वाळत’ हा विनोद नुकताच सुचल्यासारखा करतो. पुण्यात तर त्यासाठी जागाही सोयीची आहे. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीचं नाव सिमला ऑफिस पडलं ते पडलंच. चौकात लाल दिवा लागला की तिच्याकडे बघून हसायला भरपूर वेळ मिळतो.

आमच्या सोसायटीला सिमला ऑफिसची गरज नाही. आमच्याकडे तळमजल्यावरचे काका आहेत. सकाळी ते फाटकाशी उभे राहतात, कमरेवर हात ठेवून एकदा वर बघतात आणि निकाल देतात. अंदाज वगैरे भानगड नाही. “आज पडत नाही.” छत्री घेऊन निघालेला माणूस ओशाळून परत वर जातो आणि छत्री ठेवून येतो. काकांच्या शब्दाला वजन आहे, कारण त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. हिशेब शाखेत. पाण्याशी संबंध चहापुरता, पण एवढ्या खोलात कोण जातो?

संध्याकाळी सोसायटी निथळत घरी येते. काका फाटकातच असतात, आणि चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नसतो. “पडायला नको होता,” ते म्हणतात. म्हणजे चुकला तो पाऊस. कधी वारा ऐनवेळी फिरलेला असतो, कधी खडकवासल्याकडून एखादा आगाऊ ढग आलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फाटक, पुन्हा कमरेवर हात, आणि छत्र्या पुन्हा वर.

आता सिमला ऑफिसवाल्यांकडे बघा. एप्रिलमध्ये त्यांचं पत्रक निघतं: यंदा पाऊस सरासरीच्या इतके टक्के, त्यात अधिक-उणे पाच. मे महिन्याच्या अखेरीला सुधारित पत्रक, त्यात अधिक-उणे चार. केरळात मॉन्सून अमुक तारखेला, चार दिवस इकडेतिकडे. आणि कळस म्हणजे मागच्या वर्षांचे अंदाज आणि प्रत्यक्ष तारखा शेजारीशेजारी मांडलेला तक्ताही हे लोक स्वतःच देतात. २०१५ साली ३० मे सांगितला होता, मॉन्सून आला ५ जूनला. चार दिवसांची सवलत ओलांडून दोन दिवस जास्त. काकांच्या हिशेबी दोन दिवसांची चूक ही चूकच नव्हे, पण खात्याने ती तक्त्यात ठेवली आहे.

हा विनय काही जन्मजात नाही. खात्याला तो पावसानेच शिकवला. १८९९ साली अंदाज चांगल्या पावसाचा होता, आणि आला तो छप्पनचा दुष्काळ. त्यानंतर काही वर्षं तर अंदाज जाहीर करणंच बंद झालं, ते गोपनीय ठेवले जाऊ लागले. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचे केंब्रिजचे गणिती प्रमुख म्हणून आले. हवामानशास्त्राचं शिक्षण नाही, बूमरँग कसा फिरतो यावर मात्र अधिकार. (फेकलेली गोष्ट आपल्याच कपाळावर परत येते, हे ठाऊक असलेला माणूस या खुर्चीवर बसावा हे मला फार योग्य वाटतं.) त्यांनी आकाशाकडे बघून निकाल न देता जगभरच्या नोंदींचे आकडे जुळवले. त्यातून हिंदी महासागर आणि प्रशांत महासागर यांच्यामधला हवेच्या दाबाचा झोका सापडला, ज्याच्याशी जोडलेल्या एल निनोचं नाव आज आपल्या भाजीवाल्यालाही पाठ आहे.

पुढे वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी सोळा घटकांचं प्रारूप बसवलं. १९८८ पासून ते वर्षानुवर्षं नीट चाललं. २००२ मध्ये त्याने १०१ टक्के सांगितले आणि पडला ८१ टक्के. तेव्हा ‘पडायला हवा होता’ असं म्हणून फाटकाशी उभं राहायची सोय नव्हती. पुढच्या वर्षी पद्धतच बदलली.

काका आणि खातं यांच्यातला फरक मला अकलेचा वाटत नाही, वहीचा वाटतो. खात्याचा अंदाज लिहिलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी पर्जन्यमापक त्याच्याशेजारी उत्तर लिहून ठेवतो. रोज उत्तरपत्रिका हातात पडली की माणूस आवाज आपोआप खाली आणतो. पर्जन्यमापकाचा खोडसाळपणाही काय वर्णावा? २६ जुलै २००५ ला एकाच मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३. एवढं बघितल्यावर ‘मुंबईत आज’ असं वाक्य सुरू करतानाच घशाला कोरड पडत असेल.

ज्यांना वही नसते त्यांचं छान चालतं. फिलिप टेटलॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने राजकारण आणि अर्थकारणावर भाष्य करणाऱ्या २८४ तज्ज्ञांची भाकितं सुमारे दोन दशकं लिहून घेतली आणि पुढे काय झालं ते ताडून पाहिलं. त्यात जे जास्त प्रसिद्ध, त्यांची भाकितं बहुधा जास्त चुकलेली निघाली. यात नवल नाही. ‘बघावं लागेल, दोन्ही शक्यता आहेत’ म्हणणाऱ्याला वाहिनीवाले दुसऱ्यांदा बोलावत नाहीत. आपणही बोलावणार नाही. दारात उभ्या माणसाला छत्री घ्यायची की नाही एवढंच ठरवायचं असतं, त्याने साठ टक्के छत्री कशी न्यावी?

काकांना वही नव्हती असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण काकूंकडे कालनिर्णय होतं. दुधाचे लिटर, गॅस सिलिंडर आल्याची तारीख, आणि त्याच चौकटीत काकांचा शब्द खोटा ठरलेल्या दिवशी एक बारीक फुली. दिवाळीच्या फराळाला सगळे जमले असताना त्यांनी ते भिंतीवरून उतरवलं. जुलैचं पान म्हणजे उशीच्या अभ्र्यावरचं भरतकाम होतं.

काकांनी चष्मा लावला. जुलै पाहिला, ऑगस्ट पाहिला. खोलीत चकली मोडायचीही कुणाची हिंमत होईना. मग त्यांनी शांतपणे पानं उलटी मागे नेली.

“हा जानेवारी. एक तरी फुली दाखवा. फेब्रुवारी? मार्च? मी रोज सांगत होतो, आज पडत नाही. पडला का?”

नव्हता पडला. पुण्यात वर्षातले बरेचसे दिवस कोरडेच असतात.

“मग वर्षाची सरासरी काढा की!”

मी मनातल्या मनात काढली. आकडा लाज वाटावी इतका चांगला येत होता. काकू काही न बोलता आणखी चकल्या आणायला आत गेल्या. काकांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, “नोटीस बोर्डावर लाव. आणि ते अधिक-उणे वगैरे काही लिहू नकोस.”