कुठले म्हणायचे आपण?
(भावी सासुरवाडीस प्रथम भेट देणाऱ्या गरजूंसाठी सूचना)

सातारच्या मुलाचं सांगलीकडच्या बागायतदाराच्या मुलीशी जमलं, तर त्यात त्या दोघांखेरीज कोणाचाच दोष नसतो. पुढं एक दिवस निरोप येतो, "या म्हणावं एकदा घरी." हा निरोप मुलीच्या आईचा असतो. वडिलांनी फक्त 'नको' म्हटलेलं नसतं, पेपर वाचत राहिलेले असतात. एवढ्यालाच होकार समजून जे शर्टाला इस्त्री करायला घेतात, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. प्रस्तुत लेखक या परीक्षेला एकदा बसलेला आहे. गुण अजून कळलेले नाहीत.

प्रथम, न्यायचं काय? सातारचे आहात, तेव्हा कंदी पेढे. यात निवड नाही. अर्धा किलो नेले तर बॉक्स उचलणाऱ्या हाताला कळतं. दोन किलो नेले तर 'ठरल्यासारखेच आलेत की' असं होतं. एक किलो न्यावा. सांगलीत भडंग, तासगावात बेदाणे आणि हरिपुरात हळद घेऊन जाऊ नये. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा मोह अनेकांना होतो, पण पेठ नाक्यावर गाडी आष्ट्याकडं वळेपर्यंत तिचा जॅम झालेला असतो आणि तो तुमच्या मांडीवर असतो.

वाहन गेटबाहेर लावावं. आत दोन पांढऱ्या फॉर्च्युनर उभ्या असतात, दोन्हींचे नंबर सारखे. "आत घ्या की गाडी," असं कुणी म्हणेल. घेऊ नये. त्या दोघींच्या मधोमध आपली जुनी वॅगन आर मुंजीतल्या बटूसारखी दिसते.

नमस्कार आजींपासून सुरू करावा. आजी कोपऱ्यातल्या कॉटवर डोळे मिटून पडलेल्या असल्या तरी. विशेषतः तेव्हाच. त्या झोपलेल्या नसतात. झोपाळा रिकामा दिसला तरी त्यावर बसू नये, तो रिकामा नसतो, त्याचे मालक फोनवर बाहेर गेलेले असतात. सोफ्याचे पहिले चार इंच वापरावेत.

आता मुख्य प्रश्न. तो चहा येण्याच्या आधी येतो.

"कुठले म्हणायचे आपण?"

"सातारा."

"ते झालं. गाव?"

सातारा हे उत्तर होत नाही. शहर हे कुणाचं गाव नसतं, तिथं माणसं फक्त राहतात. मी म्हणालो, वडील शिक्षक होते, बदल्या होत असायच्या. त्यांनी सावकाश मान हलवली. मास्तराच्या मुलाला गाव नसतं याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं असावं. मग पुढचा प्रश्न आला, "आणि पाहुणे कोण कोण?"

नवख्या माणसाला वाटतं, घरी कोण पाहुणे येऊन-जाऊन असतात ते विचारतायत. तसं नाही. या एका शब्दात जात, जमीन, कारखान्याच्या निवडणुकीत तुम्ही कुठल्या पॅनेलला होता, आणि तुमच्या आत्याचं लग्न कुणी मोडलं, एवढं सगळं विचारून होतं, आणि विचारणाऱ्याच्या तोंडून वावगा शब्दही जात नाही. आडनावावरून अंदाज लागला नाही तर गाव, गावावरून नाही तर पाहुणे. तिथंही नाही लागला, तर मात्र त्यांना लागायचा तो अंदाज लागलेला असतो, आणि तुमच्या चहात साखर किती विचारायची राहून जाते. इथं माझी मार्गदर्शक म्हणून हद्द संपते. त्यापुढं 1954 चा विशेष विवाह कायदा आहे, त्यातली 30 दिवसांची नोटीस आहे, आणि ती नोटीस ज्या कचेरीत लागते तिथं सासऱ्यांना ओळखणारा एक तरी माणूस असतोच.

बाकीच्यांनी तीन पाहुणे पाठ करून जावेत. एक साखर कारखान्यातला, एक जिल्हा बँकेतला, एक शेतकी खात्यातला. पोलिसातला सांगू नये, त्यांच्याकडं त्याहून वरचा असतो. तुमच्या तिघांपैकी एक जण त्यांच्या मामांच्या साडूंचा व्याही निघाला की खोलीतली हवा बदलते. माझा शेतकी खात्यातला निघाला. "म्हणजे वडूजचे ते? अहो, मग असं सांगा की!" मी त्या गृहस्थांना आयुष्यात एकदा भेटलो होतो, तेही एका लग्नात, बुफेच्या रांगेत. पण त्या दुपारी ते माझे सख्ख्याहून सख्खे झाले.

जमिनीबद्दल खोटं बोलू नये, पकडलं जातं. आमची माणमध्ये साडेतीन एकर आहे, कोरडवाहू. मी 'माण' म्हणालो तेव्हा खोलीतल्या तीन माणसांनी असं पाहिलं, जसं मी मंगळावर प्लॉट आहे म्हणालो. त्यावर, आता उरमोडीचं पाणी माण-खटावला आलंय, हे वाक्य तयार ठेवावं. ते तुमच्या शेतापर्यंत आलंय का, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर चहा प्यावा.

यजमानांनी ऊस काढला की ऐकावं. आडसाली सोळा-अठरा महिने रानात उभी असते. त्या विषयाचाही तेवढाच वेळ धरून चालावं. 86032 की 265, खोडवा किती ठेवला, एकरी किती टन पडला, यात मत देऊ नये, फक्त आकडा ऐकून भुवया वर कराव्यात. दाद म्हणून तेवढं पुरतं. फार अंगाशी आलं तर पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र सातारा जिल्ह्यात येतं, एवढं हळूच सांगता येतं. द्राक्षबाग असेल तर "छाटणी झाली का?" हा प्रश्न ऑक्टोबरात विचारावा. फेब्रुवारीत विचारला की सगळं कळतं.

पाऊस-पाण्याच्या गप्पा निरुपद्रवी असतात असं शहरी माणसाला वाटतं. कृष्णाकाठी तसं समजू नये. कोयना धरण सातारा जिल्ह्यात आहे, 105 टीएमसीचं, आणि तुम्ही सातारचे आहात. 2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. त्या घरात भिंतीवर अजून रेघ होती, मुद्दाम रंग न दिलेली. सासऱ्यांनी मला उठवून ती दाखवली. रेघ माझ्या हनुवटीला लागत होती. "तुमच्या कोयनेनं सोडलं," ते म्हणाले. मी सॉरी म्हणालो. आजही मला कळत नाही की दुसरं काय म्हणायला हवं होतं. आयर्विनला 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोक्याची पातळी मानतात. सांगलीकर ते अंगवळणी पडल्यासारखं बोलतो, तेव्हा जावयानंही हे मोजमाप सोबत ठेवावं. सासरे चष्मा काढून पुसू लागले की 40. "बाकी काय म्हणताय?" असं दोनदा विचारलं की 45. त्यानंतर सामान माळ्यावर हलवावं.

इतिहास काढू नये. उदाहरणार्थ, 1949 पर्यंत वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे सगळं साताऱ्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला तेव्हाही त्याचं नाव 'दक्षिण सातारा' होतं आणि सांगली हे नाव 1960 मध्ये मिळालं, तेव्हा तसे आपण एकाच घरातले, असा युक्तिवाद मी करून पाहिला. धाकटे काका म्हणाले, "वाटण्या झाल्यात की मग." शेतकरी घरात वाटणीनंतर काय उरतं, हे समजावून सांगावं लागत नाही.

नाटकाचा विषय त्या मानानं बरा, सांगलीकराला त्याचा अभिमान असतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत मराठीतलं पहिलं नाटक केलं, त्याची आठवण म्हणून 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो. फक्त त्या नाटकाचं नाव घ्यायची वेळ आली तर जपून. नाव 'सीता स्वयंवर'. म्हणजे मराठी रंगभूमीची सुरुवातच, मुलीच्या बापानं जावयापुढं काय अट ठेवली, इथून झाली, आणि तीही सांगलीत. त्या जावयाला निदान एकच धनुष्य होतं आणि त्याला कुणी गाव विचारलं नव्हतं.

बैठकीच्या भिंतीवर गांधी टोपीतल्या आजोबांचा फोटो असतो, चंदनाचा हार घातलेला. हे आजोबा नाना पाटलांच्या प्रतिसरकारात होते, असं कुणीतरी सांगतं, आणि ते बहुधा खरं असतं. प्रतिसरकारनं 1943 नंतर याच गावांमधून गांधी विवाह लावले. हुंडा नाही, मानपान नाही, वाजंत्री नाही, हार घालायचे आणि घरी जायचं. जी. डी. बापू लाड यांचं लग्न कुंडलला 1945 मध्ये असंच झालं. मला हे माहीत होतं आणि मी ते बोललो. म्हणालो, आम्हालाही साधंच आवडेल. खोलीत शांतता पसरली. मग सासऱ्यांनी फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "त्यांचं वेगळं होतं. त्यांना कार्यालय मिळत नव्हतं." ते विनोद करत होते की नाही, हे मी पुढं तीन वर्षांनी बायकोला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. हुंडा या शब्दाबद्दल काळजी नसावी. तो 1961 च्या कायद्यानं बंद झाल्यापासून त्याला 'मुलीची हौस' म्हणतात.

जेवण हा भेटीचा निकाल असतो, आणि तो उलटा वाचायचा असतो. या दोन्ही जिल्ह्यांत नकार कुणी तोंडानं देत नाही, तो ताटात वाढतात. आग्रह जितका जास्त तितकं आपलं काही खरं नाही. परक्या माणसाला उपाशी पाठवलं असं गावात होऊ नये म्हणून मटणाची वाटी चौथ्यांदा भरली जाते. माझ्या ताटात भाकरी संपायच्या आत भाकरी पडत होती. मी घाबरलो. मग मुलीच्या आत्यानं आतून येऊन "आता पुरे, रात्री ड्रायव्हिंग आहे त्यांना," म्हणत रश्शाचं भांडं उचललं, तेव्हा जिवात जीव आला. तेवढ्यात घरातला सहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "दाजी, पाणी?" सगळे हात थांबले. कुणीतरी त्याला बाहेर खेळायला पाठवलं. त्या पोराला मी दर दिवाळीला क्रिकेटची बॅट घेतो.

शब्दांचे अर्थ येणेप्रमाणे: 'बघू' म्हणजे नाही. 'कळवतो' म्हणजे नाही. 'घाई काय आहे' म्हणजे त्यांच्या मनात दुसरं स्थळ आहे. 'तुमच्या वडिलांना घेऊन या एकदा' म्हणजे होकार नव्हे, पण धरणाचं एक दार अर्ध्या फुटानं उचललंय.

याच सूचना उलट दिशेनं, म्हणजे सातारच्या बंगल्यात जाणाऱ्या सांगलीकर मुलींनाही लागू आहेत. त्यांना गाव कमी विचारतात. "नोकरी करू देऊ की आम्ही," असं एक वाक्य प्रेमानं ऐकवलं जातं. त्यातल्या 'देऊ'कडं लक्ष ठेवावं.

निरोप घेताना पोशाख मिळाला तर गाडी पुढं सरकली. टॉवेल-टोपी मिळाली तर तुम्ही सन्माननीय पाहुणे आहात, म्हणजे परकेच. मला नुसता नारळ मिळाला. मराठीत 'नारळ देणे' याला जो दुसरा अर्थ आहे तो मला ठाऊक होता, त्यांनाही होता, आणि दोघांनीही तो चेहऱ्यावर दाखवला नाही. मी तो दोन्ही हातांनी घेतला, पेठ नाक्यापर्यंत शेजारच्या सीटवर ठेवला, मग वळणावर तो गडगडायला लागला म्हणून त्याला सीटबेल्ट लावला.

तो फोडायचा धीर झाला नाही. शेंडीसकट आमच्या देवघराखाली पडून राहिला. लग्न झाल्यावर पहिल्यांदा सासरे जेवायला आले तेव्हा घरात खोबरं नव्हतं, म्हणून बायकोनं तोच फोडला. आतलं पाणी आटून गोटा झाला होता, चांगला घट्ट. तो किसून मटणाच्या वाटणात गेला. सासऱ्यांनी पहिला घास घेतला, थांबले, पुन्हा वाटी पुढं केली.

"खोबरं चांगलं आहे," ते म्हणाले. "कुठलं म्हणायचं?"

"सांगलीकडचंच," मी म्हणालो.