चहा आणि पानिपत

वाइन पार्कच्या कृपेने आमच्या विंचुरात पेला नाकाशी नेऊन डोळे मिटणारे जाणकार जेव्हा घरटी एक निपजू लागले, तेव्हा आपल्याही नावावर एखादी अनन्यसाधारण रसिकता जमा असावी, या निव्वळ अहंकारापोटी मी पुण्यास मुलाकडे मुक्काम ठोकून जपानी चहाविधीच्या वर्गात दाखल झालो, आणि अद्यापही महिन्याकाठी एस्टीने जातो.

तेथे चहा सर्वांत शेवटी येतो. आधी फुकुसा नामक रेशमी वस्त्राची घडी. मग त्या घडीने, मुळातच स्वच्छ असलेली डबी पुसणे. मग वेळूच्या एकाच कांड्याचे टोक बारीक चिरून केलेली रवी पाण्यात बुडवून तिच्या काड्या निरखणे. आणि एवढी दप्तरतपासणी झाल्यावर २ ग्रॅमच्या आसपास हिरवी भुकटी, गरम पाणी व घुसळण. साखरेची पृच्छा केली, तेव्हा गोड आधी खावयाचे असते, असे उत्तर मिळाले.

बैठक मात्र सारा वेळ टाचांवर. या विधीला रूप देणाऱ्या सेन नो रिक्यूने चहागृहाचे दार इतके ठेंगणे केले की सरदारानेही तलवार बाहेर ठेवून रांगतच आत यावे, हे ऐकताच माझ्या डोळ्यांपुढे आमचे सरदार विठ्ठल शिवदेव उभे राहिले. मूळचे सासवडचे दाणी, जहागिरीने विंचूरकर. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सेनापती भाऊसाहेबांनी आखलेला सैन्याचा गोल दमाजी गायकवाडांसह त्यांनी मोडला, हा इतिहासकारांचा ठपका विंचूरचा मनुष्य पुण्यात मुकाट्याने ऐकून घेत नसतो. रोहिले अंगावर लोटत असता घोड्यावरच्या माणसाने तोफांआड हातावर हात ठेवून बसावे, ही अपेक्षाच मुळी घोड्यावर न बसलेल्यांची! शिवाय एवढी शिस्त पाळणाऱ्या रिक्यूलाही १५९१ साली सत्ताधीश हिदेयोशीच्या फर्मानाने आत्महत्या करावी लागलीच ना? हे वकीलपत्र मी, पायांना मुंग्या येऊन भर विधीत ताडकन उठलो असता, वर्गापुढे सविस्तर सादर केले.

"भाऊसाहेबांचे पुढे काय झाले ते आठवा," बाई म्हणाल्या, "आणि बसा."

बसलो. पुढे भांडे हाती घेऊन न्याहाळावे, करणाऱ्यास वाकून नमस्कार करावा, हा भाग आला, आणि मी भलताच चिडलो. कांद्याच्या हंगामात उपबाजारात लिलावाला आलेले पैपाहुणे आमच्या ओटीवर बसत. आत हिची आधणांवर आधणे चढत. बशी तोंडाला लावून आम्ही सारे भावाची चर्चा करीत असू. कप कोणी आणून ठेवला, याकडे मीदेखील कधी मान वळवली नाही. ती स्वतः पिई ते सर्वांच्या मागून, ओट्याशी उभ्याने, पातेल्यात उरलेले निवलेले पाणी. यजमानाने करावे आणि पाहुण्याने प्यावे, या नियमाचे वर्गात केवढे कौतुक चालले होते! आमच्या घरी तो न शिकवता पाळला गेला. नमस्काराचे कलम तेवढे गहाळ होते.

म्हणून परवा हिला पाटावर बसवून मी साग्रसंगीत विधी मांडला.

"अहो, हा माझ्या येवल्याच्या पैठणीचा तुकडा तर नव्हे?" फुकुसाकडे पाहत तिने विचारले. नव्हता. घडी झाली, डबी पुसून झाली, रवी भिजली. आधी गोड द्यावयाचे असते, असे मी गंभीरपणे जाहीर केले, आणि साखरेचा डबा कोणत्या फळीवर असतो ते तिलाच विचारले. ती उठली, डबा काढून दिला, आणि उठलेच आहे तर म्हणून दोन कपांचे आधणही ठेवले.