आवाजाचा सातबारा

आमचे आजोबा गेले तेव्हा मागे साडेतीन एकर जमीन, चौघांत सामाईक असलेली एक विहीर आणि एक पखवाज ठेवून गेले. तेरावा होतो न होतो तोच जमिनीचा विषय निघाला. तलाठ्याकडे खेपा झाल्या, फेरफार झाले, आणि बांधावरच्या एका बाभळीपायी दोन काका सहा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. पखवाजावर मात्र कुणीच हक्क सांगितला नाही. तो माळ्यावर गेला. भजनाला बसण्याआधी आजोबा त्याच्या डाव्या अंगाला कणीक लावायचे, आणि दर एकादशीला आजी चुलीपुढून ऐकवायची, "माणसांना उपास, अन् ह्याला कणीक!" माळ्यावर उंदरांनी आधी ती सुकलेली कणीक खाल्ली, मग तोंडी लावायला पुडी खाल्ली. पखवाजाची वारसनोंद झाली ती एवढीच.

म्हणून कलावंतांच्या घराण्यांकडे मी जरा हेव्यानंच बघतो. त्यातही शाहीर साबळ्यांच्या. कृष्णराव गणपतराव साबळे, जन्म ३ सप्टेंबर १९२३, वाईजवळच्या पसरणीचा. लहानपणी अंमळनेरला आजोळी शिकायला ठेवलं, तर तिथं आजीला नातवाचं गाणं मुळीच पसंत नाही. (नातवाच्या गाण्याला आजीचा विरोध, ही महाराष्ट्रातली फार जुनी लोककला आहे.) पण साने गुरुजींचा सहवास मिळाला आणि आजीचा इलाज चालेना. पुढं पसरणीच्या भैरवनाथाचं देऊळ दलितांना खुलं करण्यात हाच नातू पुढं होता. आजीला नुसत्या गाण्याचीच काळजी होती, बिचारीला!

१९६० साली महाराष्ट्र राज्य झालं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहिरांचा आवाज, असं 'जय जय महाराष्ट्र माझा' घरोघरी पोचलं. २०२३ साली सरकारनं ते राज्यगीत केलं. त्यातले दोनच चरण घेतले आणि वेळ ठरवला १ मिनिट ४१ सेकंद. तिसऱ्या चरणाशी आम्ही शाळेत हमखास ओठ हलवून वेळ मारून न्यायचो. सरकारला ते कसं कळलं कोण जाणे.

आता या आवाजाची वाटणी कशी झाली ते बघा. मुलगा देवदत्त साबळे संगीतकार झाले. वडलांच्या पोवाड्यानं मांडवाचे खांब हलावेत, आणि मुलानं शान्ता शेळके यांच्या शब्दांना लावलेली चाल कोणती, तर 'ही चाल तुरुतुरु'! बापाची चाल वेगळी, लेकाची चाल वेगळी, आणि दोन्ही महाराष्ट्राच्या तोंडी. मुलगी चारुशीला रंगमंचावर आणि पडद्यावर गेली. दुसऱ्या मुलीचा मुलगा केदार शिंदे दिग्दर्शक झाला. आमच्याकडं मुलीच्या मुलाला आजोळी मिळतात ते आंबे, आणि परत निघताना हातावर दहाची नोट. याला आजोळी 'महाराष्ट्राची लोकधारा' या आजोबांच्या लोकगीतांच्या कार्यक्रमाचं अख्खं स्टेज मिळालं.

शाहिरांच्या जन्मशताब्दी वर्षात, २०२३च्या एप्रिलमध्ये, या नातवानं आजोबांवर 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट आणला. मी आईला घेऊन गेलो. शाहिरांच्या पहिल्या पत्नी भानुमतीबाई पडद्यावर आल्या, आणि आईनं कोपर मारलं.

"ही कोण रे?"

"सना शिंदे. दिग्दर्शकाची मुलगी."

"म्हणजे शाहिरांची कोण?"

"पणती."

"आणि काम कुणाचं करतीय?"

"पणजीचं."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पणतीचं पणजोबांशी लग्न?" पुढच्या रांगेतले दोघं वळून बघायला लागले. मी म्हटलं, "अगं, तो अंकुश चौधरी आहे." "त्यो कोण लागतो मग?"

या प्रश्नाचं उत्तर मला थिएटरात देता आलं नाही. नातं सांगायला गेलं तर काहीच लागत नाही. पण तरुणपणी लोकधारेच्या ताफ्यात अंकुश चौधरी होता, भरत जाधव होता. ज्यानं शाहिरांच्या हाताखाली स्टेजवर घाम गाळला, तोच पडद्यावर शाहीर होऊन उभा राहिला. कुठल्या तलाठ्यानं ही नोंद केली असती?

आणि मुळात मिळकत तरी कुणाची होती? लोकधारेत गोंधळी होते, वासुदेव होता, वाघ्या-मुरळी होती, कोळीगीतं होती. त्यातलं कितीतरी कुणी रचलं, कुणी चाल लावली, याचा कागदच नाही. जात्यावर बसलेल्या बाईनं ओवी घातली, शेजारणीनं ऐकली, सासरी नेली, वाटेत दोन शब्द बदलले, झालं. ना खरेदीखत, ना बक्षीसपत्र. शाहीरही त्या रानातले मालक नव्हते, कूळच होते. फक्त कूळ असं, की त्यानं पडीक रान नांगरून हिरवंगार केलं आणि दारोदारचं गाणं मोठ्या रंगमंचावर आणून उभं केलं. देवळाचं दार ज्यानं सगळ्यांना उघडं केलं, तो गाण्याला कुंपण कशाला घालील? जमिनीच्या बाबतीत आपण घोषणा दिली होती, कसेल त्याची जमीन. गाण्याच्या बाबतीत घोषणेची गरजच पडली नाही. गाईल त्याचं गाणं, हा कायदा आधीपासूनच लागू आहे. जमिनीला वाटेकरी वाढले की हिस्सा कमी होत जातो. गाण्याला वाटेकरी वाढले की गाणंच वाढतं.

चित्रपट बघून आल्यावर पुढच्या सुट्टीत मी गावी जाऊन माळ्यावर चढलो. धूळ झटकून पखवाज खाली आणला, तर धाकट्या काकांच्या आठवीतल्या नातीनं फाटक्या पुडीवरच थाप मारली. आवाज भांड्यासारखा आला, पण थाप बरोबर मधोमध पडली होती. ती तिला कुणी शिकवली, हे घरात कुणालाच सांगता येईना.

पुडी बदलून आणायचं ठरलं, आणि पैसे कुणी द्यायचे यावरून दोन्ही काकांचं पुन्हा बिनसलं. या वेळी दोघांनाही द्यायचे होते. शेवटी एकानं डाव्या पुडीचे दिले, दुसऱ्यानं उजव्या.

आता दर एकादशीला पोरगी भजनाला बसते. कणीक तिची आई मळून देते. कुरकुर करतेच.