पाहुण्यांना राजवाडा दाखवण्याबाबत

प्रस्तुत सूचना म्युनिक व परिसरात वास्तव्यास असलेल्या आणि मे-जूनमध्ये पुण्या-मुंबईहून येणाऱ्या नातलगांना 'तो परीकथेतला किल्ला' दाखवण्याची जबाबदारी अंगावर पडलेल्या सर्व मराठी गृहस्थांसाठी आहेत. ही जबाबदारी टाळता येत नाही. पाहुणा विमानतळावर ट्रॉली ढकलतानाच विचारतो, "तो डिस्नेवाला किल्ला कधी?" डिस्नेने त्याच्यावरून आपला महाल बेतला, त्याने डिस्नेवरून नव्हे, हे सांगण्यात गाडीतला वेळ घालवू नये. त्याचं नाव नॉयश्वानश्टाइन आहे हेही सांगू नये. घरी पोचेपर्यंत त्याचं 'न्यूटनस्टेन' झालेलं असतं आणि मग तेच राहतं.

व्याख्या: या सूचनांमध्ये 'पाहुणे' म्हणजे सर्व पाहुणे. 'काका' म्हणजे माझे काका. सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त. सूचना सर्वांसाठी असल्या तरी त्या करण्याची वेळ कोणामुळे आली, हे सुज्ञांच्या लक्षात येईलच.

तिकीट आगाऊ आणि संकेतस्थळावरूनच काढावं. त्यावर आत जाण्याची नेमकी वेळ असते. ती चुकली की तिकीट बाद. "कुणाची ओळख नाही का?" या प्रश्नाला "नाही" एवढंच उत्तर द्यावं. इथे ओळख चालत नाही असं उत्तर दिल्यास ओळख कशी काढावी यावर व्याख्यान ऐकावं लागतं.

प्रवासासाठी बायर्न तिकीट घ्यावं. एका तिकिटावर पाच जणांना दिवसभर बव्हेरियातल्या लोकल गाड्यांतून फिरता येतं. पाच जण म्हटल्यावर काकू शेजारच्या इमारतीतल्या, ओळख होऊन दोन दिवस झालेल्या मराठी जोडप्याला विचारून येतात. त्याला हरकत घेऊ नये, दर माणशी स्वस्त पडतं. मात्र सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी नऊनंतरच चालतं. त्यानंतर फ्युसेनपर्यंत दोन तास, तिथून बस, मग खालच्या होहेनश्वांगाउ गावातली गर्दी. म्हणून आत जाण्याची वेळ दुपारी दीडच्या आधीची घेऊ नये. एवढं एक वाक्य पाळलं आणि बाकी सगळं विसरलं तरी चालेल. काकांना मात्र सातलाच फलाटावर उभं राहायचं असतं. त्याला इलाज नाही.

खाद्यपदार्थ. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं आणि चहाचा थर्मास एवढ्यावर काकूंना थांबवता आलं तर थांबवावं. मोठ्या बॅगा राजवाड्यात चालत नाहीत. सबब सर्व डबे वर जाण्यापूर्वी रिकामे झालेले असावेत. आल्पझे नावाचं तळं गावातच आहे. त्याच्या काठावर बसून हे काम उरकावं. चटणीचा डबा उघडला की दोन बाकं पलीकडचे लोक मान वळवून पाहतात. पाहू द्यावं. गावातल्या हॉटेलात पाहुण्यांना चालेल असं एक केझश्पेट्झले मिळतं, चीज घातलेल्या जाड शेवयांसारखं. काकूंनी ते खाऊन "यात फोडणी हवी होती" असं मत दिलं. मत बरोबर आहे.

वर जाण्याचे मार्ग तीन. पायी गेल्यास चढ अर्ध्या-पाऊण तासाचा. घोडागाडीने गेल्यास ती दारापर्यंत जात नाही, शेवटचा चढ पायीच. शिवाय वर जायचे पैसे जास्त आणि खाली यायचे कमी. (काकांचा शेरा: "घोड्यांच्या श्रमाप्रमाणे दर. यांच्याकडे दरसूची आहे.") तिसरा मार्ग बसचा. बस पुलाजवळ सोडते आणि तिथून राजवाड्यापर्यंत उतार आहे. ज्येष्ठ पाहुण्यांना बसनेच न्यावं. पण "गुडघ्यांना त्रास नको" असं म्हणू नये. तसं म्हटल्यास "आम्ही राजगड चढलोय" हे वाक्य येतं, आणि मग काका पायी निघतात, आणि मग आपणही पायी निघतो.

रायगड, राजगड, सिंहगड यांच्याशी तुलना करण्यास सक्त मनाई आहे.

पूल. मारियनब्र्युके, म्हणजे हा वाडा बांधणाऱ्या राजाच्या आईच्या नावाचा पूल. पोलाट नदीच्या घळीवरून जातो, खाली सुमारे ९० मीटर. कॅलेंडरवरचं ते चित्र इथूनच मिळतं, त्यामुळे पुलावर पाय ठेवायला जागा नसते. बर्फ पडला की पूल बंद करतात, म्हणून हिवाळ्यातल्या पाहुण्यांना आधीच कल्पना द्यावी. प्रत्येकाने तीन फोटो काढून मागे फिरावं असा संकेत आहे. तो कोणी पाळत नाही. इथे काकांनी राजवाड्याकडे पाठ केली, वाकून पुलाखालची लोखंडी कामं पाहिली, लाकडी पूल काढून हा लोखंडी पूल लुडविग राजाने घातला हे माझ्याकडून काढून घेतलं, आणि पुलावरची माणसं मोजायला लागले. मोजणी पूर्ण झाल्यावर सर्वांना हलवलं. आमच्या मागच्या एका स्पॅनिश कुटुंबालाही हलवलं. ते हललं.

राजाची माहिती आत जाण्यापूर्वी पाच मिनिटांत द्यावी. मसुदा असा: दुसरा लुडविग, १८६४ मध्ये अठराव्या वर्षी बव्हेरियाचा राजा झाला. १८६६ च्या लढाईत प्रशियाकडून हार, १८७१ मध्ये बव्हेरिया जर्मन साम्राज्यात. नावाला राजा उरला. वाग्नरच्या संगीतनाटकांचं वेड. १८६९ मध्ये या वाड्याचा पाया घातला. माणसं नकोशी झाली, दिवसा झोपायचा आणि रात्री फिरायचा. जून १८८६ मध्ये डॉक्टरांनी न तपासताच वेडा ठरवला, याच वाड्यात ताब्यात घेतला, आणि १३ तारखेला श्टार्नबेर्ग तळ्यात तो आणि त्याचा डॉक्टर मेलेले सापडले. या वाड्यात तो एकूण राहिला १७२ दिवस. मृत्यूनंतर सात आठवड्यांत तिकीट लावून वाडा लोकांना खुला झाला.

मसुद्यात लग्नाचा उल्लेख टाळावा. मी केला. १८६७ मध्ये साखरपुडा झाला होता आणि त्यानेच मोडला, एवढंच म्हणालो. "मुलगी कोण होती?" ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची धाकटी बहीण. काकू दारापर्यंत काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "एवढं चांगलं स्थळ." राजसिंहासनाच्या दालनात, गायकांच्या दालनात, लाकडाच्या कोरीव कामाने गच्च भरलेल्या शय्यागृहात, सगळीकडे त्या याच मुद्द्यावर होत्या. शय्यागृहाच्या कोरीव कामाला चौदा कारागिरांना साडेचार वर्षं लागली. "एकट्यासाठी," काकू म्हणाल्या.

आतला फेरा अर्ध्या तासाचा, गटाने, वाड्याच्याच माणसाबरोबर. फोटोला बंदी. ध्वनिफितीवरची माहिती बऱ्याच भाषांत मिळते, मराठीत नाही. काका इंग्रजी फीत एका कानाला लावतात आणि काकूंसाठी मराठी आवृत्ती लगेच प्रसिद्ध करतात, दुरुस्त्यांसह. चढायच्या पायऱ्या १६५, उतरायच्या १८१. "म्हणजे आपण आलो त्याच्याखाली उतरलो," काका म्हणाले आणि तळमजला कुठल्या पातळीला धरलाय ते शोधू लागले. सिंहासनाच्या दालनात सिंहासन नाही. ते व्हायच्या आतच राजा गेला. दुसरा मजला तर कधी पुरा झालाच नाही. या बातमीने इतर पाहुणे हळहळतात. काका ताजेतवाने झाले. अपुरं काम म्हणजे त्यांचं क्षेत्र.

आता खरं सांगायचं तर इथून पुढे सूचना देण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही, कारण इथून पुढे मार्गदर्शन काकांनीच केलं. वाड्याचा आराखडा क्रिस्टियान यांक या नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याने काढला, हे मी जाता जाता बोललो. काका थांबले. "मग बरोबर. हा किल्ला नाही, नेपथ्य आहे. तोफा आल्यावर असल्या बुरुजांना कोण विचारतो?" भिंतीला बोटाने टकटक करून म्हणाले, "आत वीट आहे." आतमध्ये वीटच आहे, बाहेरून चुनखडीचा दगड लावलाय. १८७९ आणि ८० या दोन वर्षांत चार लाख विटा वर चढवल्या, वाफेच्या क्रेनने. मध्ययुगाचं सोंग, पण गरम हवेने तापवलेल्या खोल्या, प्रत्येक मजल्यावर नळ, विजेच्या घंटा, टेलिफोनसुद्धा. बाकीचे पाहुणे छतावरची चित्रं बघत असताना काका गरम हवेची जाळी शोधत होते, आणि सापडल्यावर त्यांनी काकूंना बोलावून ती दाखवली, जसं कोणी पाळण्यातलं नातवंड दाखवावं.

शेवटी स्वयंपाकघर येतं. पाहुणे इथे दमलेले असतात आणि खाली दुकानात जायला उतावीळ. त्यांना जाऊ द्यावं. काकांसारखा पाहुणा असेल तर थांबावं. तिथे मांस भाजायच्या सळ्या आहेत, त्या भट्टीच्याच उष्णतेवर फिरत. आच वाढली की वेग वाढे, कमी झाली की मंदावे. माणूस नको. काकांनी गुडघ्यावर हात ठेवून (तेच गुडघे) वाकून धुराड्यात पाहिलं, मग सळीच्या चाकाकडे पाहिलं, परत धुराड्यात पाहिलं. "ज्याने हे बसवलं ना," ते म्हणाले, "त्याचं नाव कुठे लिहिलंय?" मी पाटीवर शोधलं. नव्हतं. कामगारांसाठी १८७० मध्ये एक संघ काढला होता, राजाही त्यात पैसे घालायचा, आजारपणात पगार आणि कामावर मेलेल्यांच्या घरच्यांना थोडं निवृत्तिवेतन मिळायचं, एवढं मी सांगू शकलो. काकांनी मान हलवली. त्या दिवसात राजाबद्दल त्यांनी काढलेला पहिला चांगला शब्द इथे आला: "मग तेवढा वेडा नव्हता."

दुकानातल्या चुंबकांची किंमत रुपयांत सांगू नये.

परतीच्या गाडीतली सूचना सर्वांत महत्त्वाची: राजाच्या कर्जाचा विषय काढू नये. काकांनी आधी अंदाजपत्रक विचारलं. बत्तीस लाख मार्क. प्रत्यक्ष खर्च? बासष्ट लाख. "सुधारित अंदाजपत्रक," ते समाधानाने म्हणाले, आणि मी तिथेच थांबायला हवं होतं, पण बोलून गेलो की मरताना राजाच्या डोक्यावर एक कोटी चाळीस लाखांचं कर्ज होतं.

काकांनी तिकिटाच्या मागच्या बाजूला वजाबाकी केली.

"बासष्ट इथे. बाकीचे कुठे गेले?"

लिंडरहोफ, म्हणालो. डोंगरातला छोटा वाडा, पंच्याऐंशी लाख. आणि किमझे तळ्यातल्या बेटावर हेरेनकिमझे, तो व्हर्सायसारखा, एक कोटी सहासष्ट लाख, आणि तोही अर्धवट.

"अर्धवट?" काका म्हणाले. काकूंनी थर्मासचं झाकण लावलं आणि शेजारच्या जोडप्याला विचारलं, "रविवारी तुम्ही मोकळे आहात ना?"