लाइफ जॅकेटवर ‘फ्री साइज’ छापणाऱ्यास खुले पत्र

महोदय,

हे पत्र खुलं आहे, कारण आपलं जॅकेट मला मिटलंच नाही. तीन बकलांपैकी वरचं लागलं, मधलं लागल्यासारखं झालं आणि खालचं शेवटपर्यंत लोंबकळत राहिलं. आत लेबल होतं, ‘फ्री साइज’. बसेल त्याला बसेल, बाकीचे फ्री, असा त्याचा अर्थ असावा.

मी वडगाव निंबाळकरचा. आमच्या शिवारात वजन हा गुण समजतात. इथे पाहुणा आला की चहाआधी एकरी टनेज विचारतो. ऊस काट्यावर चढला की भरेल तेवढं थोडं. अशा गावात माझे 118 किलो (निव्वळ) कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. दिवाळीनंतर भाच्याच्या हट्टापायी तारकर्लीला कयाक चालवायला गेलो, तर तिथल्या पोरानं माझं वजन विचारताना आवाज खाली केला. आजाऱ्याची चौकशी करावी तसा.

पाण्याला मी नवा नाही. नीरा डाव्या कालव्यात ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पोहायला शिकलो. विहिरीत मुटका मारला की काठावरच्यांच्या चपला भिजत. आता आमच्या नीरेचं पाणी नीरा नरसिंहपूरला भीमेत जातं, भीमा कृष्णेत आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात, म्हणजे तारकर्लीच्या समुद्राकडे आमची पाठच. तरी पाणी ते पाणी.

‘काकानू, तुमी मागे बसा,’ पोरगा म्हणाला. दोघांच्या कयाकमध्ये जड माणूस मागे, हा नियमच आहे. जड पुढे बसला तर नाळ पाण्यात घुसते. मी टेकलो आणि नाळेसकट भाचा वर गेला. त्याचं वल्हं निम्म्या वेळा हवेतच फिरत होतं. दुपारी वारा सुटला तेव्हा मात्र शेजारच्या कॉलेजच्या पोरांच्या कयाका पाचटासारख्या भरकटल्या आणि आमची नांगरल्यासारखी जागेवर. जुन्या गलबतांत बूड स्थिर राहावं म्हणून दगड भरत, त्याला नीरम म्हणतात. मी ते पदरचं आणलं होतं, भाडं न लावता. पण त्या पोरांना जॅकेटं कशी चापून बसली होती!

महोदय, इथेच आपला घोटाळा आहे. पाण्यात बुडालेल्या माणसाचं वजन काट्यावरचं राहत नाही, चार-पाच किलोच उरतं. म्हणून शांत पाण्यात, पोहता येणाऱ्या धडधाकट माणसाला पाचेक किलो उचलणारं जॅकेट पुरतं. त्यात चरबी पाण्याहून हलकी आणि स्नायू जड. जिममध्ये घाम गाळणारा भाचा खाली जाईल, मी ताकावर लोणी यावं तसा वर येईन. मला फोम जास्त नको. वीतभर पट्टा जास्त हवा. ज्याला तरंगायला सर्वांत कमी मदत लागते, त्यालाच आपण उघडा ठेवलात.

ज्या ग्रीनलँडच्या शिकाऱ्यांकडून कयाक ही होडी जगानं घेतली, ते ती अंगावर मापून करत. लांबी मालकाच्या तीन वाव आणि रुंदी त्याच्या कमरेएवढी, वर दोन मुठी. आमचा गावचा शिंपीही असंच माप घेतो, फक्त मुठी धरत नाही. बर्फातल्या माणसाला जे सुचलं ते कारखान्यात कसं सुचत नाही?

पुढचं सांगतो, म्हणजे मी काही लपवलं असं व्हायला नको. ओहोटी लागली आणि देवबागच्या संगमाजवळ सगळे तरंगत असताना आम्ही वाळूत टेकलो. मी उतरलो. उतरताक्षणी कयाक वीतभर उचलली गेली आणि भाच्याला घेऊन निघाली. तो ‘मामा, मामा’ करत गेला, मी गुडघाभर पाण्यातून तिच्यामागे. लोंबकळणारं बकल मांडीवर टकटक आपटत होतं.

हसा. मीही हसलो. पण मे 2024 मध्ये कुगावहून आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला येणारी बोट उजनीच्या पाण्यात वादळानं उलटली आणि सहा जण गेले. तेव्हापासून भिगवणला पक्षी बघायला होडीत चढतानाही मी आधी जॅकेट मागतो आणि बकलं लावून बघतो. एकदाही सगळी लागली नाहीत.

तेव्हा लेबलावर ‘फ्री साइज’ऐवजी छातीचं माप छापा. माझं घ्या, 52 इंच. पट्टा पाठवलात तर टपालखर्च मी देईन.

आपला,
वरच्या एका बकलावर विसंबलेला
मु. पो. वडगाव निंबाळकर, ता. बारामती