उस्तादाची बाजू कशी घ्यावी : टपरीवर बसणाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

हे मार्गदर्शन ट्रकवेड्यांसाठी आहे. ट्रकवेडा म्हणजे ज्याच्या नावावर ट्रक नाही, पण जो पाठमोरा बसून नुसत्या आवाजावरून गाडी टाटाची की लेलँडची ते सांगतो आणि दोनदा चुकला तरी तिसऱ्यांदा सांगतो. आमची अशी एक जमात राष्ट्रीय महामार्ग 53 वर, म्हणजे जुन्या लोकांच्या ‘सहा नंबर’वर, कोहमारा टी-पॉइंटला रोज संध्याकाळी जमते. इथून एक रस्ता गोरेगावमार्गे गोंदियाला फुटतो, आणि महामार्ग देवरीकडून छत्तीसगडात जातो. धानाचा हंगाम असला की राइस मिलकडे जाणाऱ्या गाड्यांमुळे आम्हाला मान खाली घालायला फुरसत नसते.

या जमातीत एकच माणूस असा, की ज्याला ट्रकमधलं खरोखर कळतं. त्याला आम्ही उस्ताद म्हणतो. आयुष्यभर नॅशनल परमिटची गाडी चालवून आता घरी बसलेले. कोणाची गाडी कुठंही उभी राहो, उस्तादांना फोन जातो. एवढा उपयोगी माणूस म्हटल्यावर त्याच्यावर कधीतरी आळ येणार हे ठरलेलंच. तो आला की काय करावं, याचं शास्त्र खाली देत आहे.

आधी प्रकरण समजून घ्या, कारण प्रकरण न समजताच बाजू घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. 1 एप्रिल 2020 पासून नवी गाडी बीएस-6 आली. तिच्या धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू मारायला एक वेगळी छोटी टाकी असते, आणि तिच्यात जे पाणी घालतात त्याला सगळा महामार्ग ‘युरिया’ म्हणतो. साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया, बाकी क्षार काढलेलं पाणी. ते संपत आलं की काट्याजवळ दिवा लागतो आणि दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर इंजिन हळूहळू ताकद सोडतं. आमच्यातल्या एका पोराने नुकतीच गाडी घेतली होती. दिवा लागला. त्याने उस्तादांना फोन केला. उस्ताद जेवत होते. ते दोनच शब्द बोलले, “युरिया टाक.”

आता हा जिल्हा धानाचा. घरात युरियाची 45 किलोची गोणी पडलेली. पोराने बादलीत कालवला आणि टाकला.

शेतातल्या युरियाच्या दाण्यावर 2015 पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. धानाला तो मानवतो, कारण नत्र हळूहळू सुटतं. इंजिनाच्या धुराड्याला मात्र अजून कोणी कडुनिंबाचा काढा पाजला नव्हता. ती नोंद आमच्या तालुक्याच्या नावावर झाली. गाडी मुरदोलीच्या जंगलात धानाच्या पोत्यांसकट उभी राहिली. रात्री अकराला उस्ताद स्वतःच्या मोटरसायकलवर खऱ्या युरियाचा कॅन बांधून तिकडे गेले, टाकी रिकामी केली, धुतली आणि गाडी रखडत का होईना बाहेर काढून दिली. पुढं वर्कशॉपचं बिल आलं. दुसऱ्या दिवशी टपरीवर पोराने जाहीर केलं, “उस्तादच म्हणे का युरिया टाक. मंग टाकला ना भाऊ!” त्यावर बाकावरून कोणीतरी पुस्ती जोडली, “फुकटात कोन कोनाच्या मांगं धावते गा? वर्कशॉपवाल्याकडून मिळत असन काही.”

इथून तुमचं काम सुरू होतं.

वेळ फार महत्त्वाची. बाजू घ्यायची तर चहा निवण्याआधी, सर्वांसमोर. अनेक अनुभवी लोक सभा उठल्यावर उस्तादांना बाजूला गाठून कानात सांगतात, “उस्ताद, आपण तुमच्याच बाजूचे.” हा प्रकार मागून हॉर्न वाजवण्यासारखा आहे. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला राज्य सरकारने 2015 मध्ये बंदी केली, पण मागून वाजवणारे थांबलेले नाहीत.

दुसरं, ‘देवमाणूस’ हा शब्द वापरू नये. कोणाला देवमाणूस म्हटलं की पुरावा द्यावा लागत नाही, म्हणून तो शब्द आळशांना आवडतो. माझं निरीक्षण असं, की उस्तादांना देवमाणूस म्हणणाऱ्यांनी त्यांच्या चहाचे पैसे एकदाही दिलेले नाहीत. त्यापेक्षा बारीकसारीक सांगावं. कोणाची गाडी डिझेल संपून उभी राहिली होती, नवीन डिझेल टाकूनही चालू होईना, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरत आली होती. लाइनीत हवा शिरलीय हे उस्तादांनी फोनवर ओळखलं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायला लावला, हातपंप मारायला लावला, बुडबुडे थांबेपर्यंत फोन कानाला धरून बसले, मग स्क्रू आवळायला सांगितला. असा तपशील मांडला की समोरच्याला तोंड उघडण्याआधी विचार करावा लागतो. शक्य असल्यास ज्याची गाडी होती तो बाकावर हजर असताना सांगावं. तो आपोआप चपलेकडे पाहू लागतो.

तिसरं जरा अवघड आहे: उस्तादांची चूक कबूल करावी. चूक आहेच. ‘गाडीचा युरिया’ एवढं पूर्ण म्हणायला एक घास थांबावं लागलं असतं. उस्ताद वाक्य अर्धं सोडतात. पूर्वीच्या क्लीनरला अर्ध्या वाक्यात कळायचं, कारण चुकला तर टॉमी घेऊन मागे धावणारा उस्ताद समोर असायचा. फोनवरच्या पोराला ती सोय नाही. हे मान्य करून मग म्हणावं, की अर्ध्या वाक्याचा दोष उस्तादांचा आणि बादलीचा दोष बादलीवाल्याचा. ज्याच्या बचावात एकही चूक कबूल नसते, तो बचाव करणाराच कमिशन खातो असा टपरीला वास येतो.

कमिशनचा आरोप शपथेने खोडू नये. बेरीज मागावी: मुरदोलीला जाण्यायेण्याचं पेट्रोल, कॅनचे पैसे, रात्रीची झोप, आणि त्यातून कट किती उरला? शपथेवर आमची टपरी विश्वास ठेवत नाही, पण हिशेब निघाला की सगळे गप्प होतात, न जाणो आपली उधारी निघेल.

काही सुशिक्षित लोक इथं कायदा काढतात. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. सद्भावनेने मदत केली तर हयगयीतून झालेल्या हानीचा ठपका मदत करणाऱ्यावर येत नाही. कलम उत्तम आहे. मात्र ते जखमी माणसाला लागू आहे, जखमी बीएस-6 ला नाही, आणि जेवता जेवता दिलेल्या सल्ल्याची त्यात तरतूद नाही. तेव्हा टपरीवर कलम वाचू नये, लोक उठून जातात.

सर्वांत मोठा धोका म्हणजे सत्कार. बाजू घेता घेता कोणीतरी म्हणतंच, “उस्तादांचा सत्कार ठेवू.” तिथेच अडवावं. शाल-श्रीफळ झालं की माणूस सार्वजनिक होतो. बॅनरवर मोबाइल नंबर छापला जातो आणि देवरीपासून साकोलीपर्यंत ज्याची ज्याची कमानी तुटेल तो रात्री दोनला फोन करतो. ते घरी बसलेले आहेत, टोल-फ्री नाहीत.

आता कोणी विचारेल, त्या संध्याकाळी तुम्ही स्वतः काय केलंत?

मी ग्लासातली साय बोटाने बाजूला करत होतो. उस्ताद काही बोलले नाहीत. सगळ्यांच्या चहाचे पैसे देऊन उठले, पोराला “फिल्टर बदलून घेजो” म्हणाले आणि गेले. वर लिहिलेलं सगळं मला त्या रात्री अंथरुणावर सुचलं.

उस्तादांचा जॅक दिवाळीपासून माझ्याकडेच आहे.